भरती, ओहोटी आणि वाट पाहणारे

मराठीत ‘भरती’ ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक समुद्राचा आणि दुसरा नोकरीचा. समुद्राच्या भरतीला ‘ओहोटी’ हा हक्काचा जोडीदार आहे. नोकरीच्या भरतीला तसा जोडीदार भाषेने दिलेला नाही. ‘कपात’ म्हणावे तर ती पगारातही होते आणि पाण्यातही. ‘बडतर्फी’ म्हणावे तर तीत दोषारोप गृहीत असतो. ‘निवृत्ती’त सन्मान असतो. कामगार स्वतः जो प्रयोग करतो तो असा : ‘मला कमी केलं.’ ह्या वाक्याला कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता मात्र नाही. कोणी कमी केले हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या पट्ट्यातून जाताना खांबाखांबावर ‘भरती चालू आहे’ अशा पाट्या दिसतात. ह्याच पट्ट्याला लागून असलेल्या हिंजवडीत दुसऱ्याच एका गोष्टीची भरती-ओहोटी सांभाळणारी माणसे बसतात. मोठ्या उद्योगांच्या संगणकप्रणाली हल्ली ‘कंटेनर’ नावाच्या छोट्या, सुटसुटीत खोक्यांत बांधून अनेक सर्व्हरांच्या समूहावर, म्हणजे ‘क्लस्टर’वर, चालवल्या जातात, आणि कामाचा भार वाढला की खोक्यांची संख्या वाढवणे, भार उतरला की ती घटवणे ह्याला ‘स्केल अप’ आणि ‘स्केल डाऊन’ म्हणतात. ‘क्लस्टर’ हा शब्दही ह्या पट्ट्याला नवा नाही. चिंचवडला ‘ऑटो क्लस्टर’ आहे. तिथे त्याचा अर्थ मोटारउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांचा समूह असा होतो. एकाच भूभागात एकच शब्द दोन अर्थांनी नांदत असेल, तर त्या दोन अर्थांचा इतिहासही एकत्र वाचून पाहायला हरकत नसावी. प्रस्तुत लेख हा तसा एक प्रयत्न आहे.

प्रश्न साधा आहे. कोणत्याही मालाची वा सेवेची मागणी सदैव सारखी राहत नाही. पाडव्याला आणि दसऱ्याला गाडी घेणारे पितृपक्षात घेत नाहीत. ह्या चढउताराशी उत्पादनाची क्षमता क्षणोक्षणी जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथे कोणाला तरी थांबावे लागते. एक तर गिऱ्हाईक थांबते, नाही तर माल कोठारात थांबतो, नाही तर यंत्र रिकामे उभे राहते, नाही तर कामगार घरी बसतो. पाचवा पर्याय नाही. तेव्हा औद्योगिक इतिहासातल्या ‘लवचिकते’ची चर्चा ही वस्तुतः ह्या चौघांपैकी वाट कोणी पाहायची, ह्याची चर्चा असते.

ह्या चर्चेचा मराठी प्रारंभ पुण्याजवळचा नाही. तो मुंबईच्या गिरणगावातला आहे. कापडगिरण्यांत रोज काही कामगार गैरहजर राहत. त्यांच्या जागी उभे करायला दाराशी माणसे तयार असावी लागत. ह्यांना ‘बदली’ कामगार म्हणत. पहाटे गिरणीच्या फाटकाशी यायचे, मुकादमाने बोट दाखवले तर आत जायचे, नाही तर परत फिरायचे. मुकादमाच्या ह्या बोटाला लगाम घालण्यासाठी मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली. पण नोंदणी झाली तरी थांबणे संपले नाही. फक्त थांबणाऱ्याच्या हातात एक कार्ड आले. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक विवाद कायद्यात, म्हणजे १९४७ च्या कायद्यात, १९५३ साली ले-ऑफच्या काळातल्या भरपाईची तरतूद आली. काम नसताना घरी बसवलेल्या कामगाराला निम्मे वेतन द्यावे, असे ती सांगत होती. तिथेही बदली कामगार वगळलेला होता. सलग एक वर्षाची सेवा भरली तरच त्याचे बदलीपण कायद्याच्या दृष्टीने सरत असे. म्हणजे ज्याचे थांबणे सर्वांत अधिक, त्याच्या थांबण्याला मोल सर्वांत कमी. हा जो व्यस्त न्याय आहे तो पुढल्या सगळ्या प्रवासात आपल्याला भेटत राहतो.

पिंपरीचा औद्योगिक उदय झाला तो अगदी वेगळ्या हवेत. १९५४ साली तिथे सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढल्या काही वर्षांत आकुर्डीत बजाज ऑटो, पिंपरीत टेल्को असे मोठे कारखाने आकाराला आले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका, इतक्या झपाट्याने ही गावे शहर झाली. ह्या काळातल्या कारखान्याची क्षमता हा सरकारी परवान्याचा विषय होता. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्याखाली कोणी किती माल काढायचा हे ठरवून दिलेले असे. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवण्याची मोकळीक नव्हती. तेव्हा थांबले ते गिऱ्हाईक. बजाजची ‘चेतक’ स्कूटर १९७२ साली आली. तिच्यासाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे, कधी दहा वर्षांपर्यंत, वाट पाहत. मुलीच्या जन्मानंतर नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात जावयाला मिळेल, असा विनोद त्या काळी केला जाई.

ह्या विनोदाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. गिऱ्हाईक रांगेत उभे होते म्हणून कामगार ‘कायम’ होता. पुढली दहा वर्षे विकला जाणारा माल आजच नोंदलेला असेल, तर मागणीचे चढउतार कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचतच नाहीत. रांग ते शोषून घेते. संगणकशास्त्रात ह्याला ‘क्यू’ म्हणतात आणि तिचा उपयोग अगदी हाच असतो : येणाऱ्या कामाचा लोंढा एका रांगेत धरून ठेवायचा, म्हणजे आत काम करणाऱ्या यंत्रांना एकसारख्या गतीने ते उपसता येते. त्या पिढीचे प्राधिकरणातले घर, मुलाचे अभियांत्रिकी शिक्षण, गावाकडची विहीर ही सारी स्थैर्यं त्या रांगेच्या आधाराने उभी होती. परवानापद्धतीवर टीका करताना आपण रांगेतल्या माणसाच्या बाजूने बोलतो, ते योग्यच आहे. पण रांग मोडली तेव्हा तिने धरून ठेवलेले पाणी कुठल्या घरात शिरले, हेही पाहायला हवे.

रांग १९९१ नंतर मोडली. परवाने गेले, स्पर्धा आली, गिऱ्हाईक थांबेनासे झाले. नेमक्या त्याच सुमारास माल थांबवून ठेवणे हेही कमीपणाचे मानले जाऊ लागले. टोयोटाच्या ताईची ओहनो ह्यांनी घडवलेली ‘जस्ट-इन-टाइम’ पद्धत आणि तिची ‘कानबान’ची चिठ्ठी ह्या पट्ट्यातल्या लघुउद्योजकांच्याही तोंडी आली. ओहनोंना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या मांडणीवरून सुचली होती : फळीवरचा माल उचलला गेला की तेवढाच पुन्हा भरायचा. चाकण हे मूळचे कांद्या-बटाट्याच्या बाजाराचे गाव. भाव नसला की कांदा चाळीत थांबवावा आणि भाव आला की काढावा, हे तिथल्या शेतकऱ्याचे पिढीजात शहाणपण. त्याच गावच्या परिसरात आता असे कारखाने आले की ज्यांच्या दृष्टीने काहीही साठवून ठेवणे हा दोष होता. १९९९ मध्ये बजाजचा चाकण प्रकल्प सुरू झाला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, त्यापाठोपाठ महिंद्रा. सुट्या भागांचा ट्रक नेमक्या तासाला फाटकाशी यावा, आधी नको आणि नंतरही नको, अशी ही व्यवस्था.

गिऱ्हाईक थांबत नाही, माल थांबत नाही, कोट्यवधींचे यंत्र थांबवणे परवडत नाही. चौघांतला उरला तो कामगार. मात्र कायम कामगाराला थांबवणे सोपे नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीने मोठ्या कारखान्यांना ले-ऑफ वा कामगारकपात करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. तीनशे कामगारांची ही मर्यादा पुढे १९८२ च्या दुरुस्तीने शंभरावर आली. ह्या तरतुदीचा हेतू संरक्षणाचा होता. तिचा एक परिणाम असा झाला की भरती होऊ लागली ती कायद्याच्या कुंपणाबाहेर. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर सलग एक वर्षाची सेवा मानली जाई. म्हणून सात महिने होताच ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. कंत्राटी कामगारांच्या नियमनाचा आणि निर्मूलनाचा कायदा १९७० सालचा होता. ‘निर्मूलन’ हा शब्द त्याच्या नावातच होता. प्रत्यक्षात कंत्राटी माणूस हा चाकणच्या कारखान्याचा नित्याचा घटक झाला. त्याच्या जोडीला ‘ट्रेनी’ आले, ‘अप्रेंटिस’ आले, २०१३ नंतरची काही वर्षे ‘नीम’चे प्रशिक्षणार्थी आले. नावे बदलत गेली, फाटकाशी उभे राहण्याची जागा तीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, आणि पूर्वपरवानगीची मर्यादा पुन्हा तीनशे कामगारांवर गेली आहे. मर्यादेचा हा आकडाही, म्हटले तर, स्केल अप आणि स्केल डाऊन होत आला आहे.

ओहोटी कायम कामगारालाही चुकली नाही. सप्टेंबर २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतले वाहनउत्पादन थांबवले. जिथे चेतक घडली ते आवार शांत झाले. पंधरा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या नव्या चेतकचा कारखाना सुरू झाला. तळेगावला २००८ साली सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि २०२३ साली तो विकत घेण्याचा करार ह्युंदाईने केला. जमीन तीच, छप्पर तेच, वीजजोडणी तीच. क्षमता गेली आणि परत आली, असे ताळेबंदात म्हणता येते. पण पंधरा वर्षांत पंचेचाळिशीचा माणूस साठीचा होतो. तो परत येत नाही.

इथवर जे सांगितले ते घडत असताना संगणकाच्या क्षेत्रात थांबण्याचे ओझे यंत्रावर होते. एखाद्या मोठ्या कंपनीने विक्रेत्यांच्या मागण्या नोंदवण्यासाठी प्रणाली उभारली, तर सर्व्हर किती घ्यायचे? दसऱ्याच्या आठवड्यात जितके लागतील तितके. मग ते वर्षाचे उरलेले दिवस जवळपास रिकामे गुणगुणत बसत. यंत्राला भूक नाही, घरभाडे नाही. म्हणून ते थांबले तरी कुणाला वाईट वाटत नाही. खर्च मात्र लागतो. २००६ साली अ‍ॅमेझॉनने संगणकाची शक्ती तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि त्या सेवेच्या नावातच ‘इलॅस्टिक’, म्हणजे लवचिक, हा शब्द घातला. २०१३ मध्ये ‘डॉकर’ आले. जहाजावरचा लोखंडी कंटेनर जसा आत काय आहे ह्याची फिकीर न करता कोणत्याही बोटीवर, कोणत्याही ट्रेलरवर चढवता येतो, तशी संगणकप्रणाली त्याने खोक्यात बांधली. चाकणच्या रस्त्यावर न्हावाशेवाकडे निघालेल्या कंटेनरांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही. २०१४ साली गूगलने ‘कुबरनेटीस’ जाहीर केले. हजारो खोकी कुठल्या यंत्रावर ठेवायची, किती ठेवायची, बंद पडले तर दुसरे कसे उभे करायचे, हे ठरवणारी ती व्यवस्था.

कुबरनेटीस हा ग्रीक शब्द. अर्थ सुकाणू धरणारा, कर्णधार. ह्याच धातूतून लॅटिनमार्गे इंग्रजीतला ‘गव्हर्नर’ आला आणि नॉर्बर्ट वीनर ह्यांनी १९४८ मध्ये रूढ केलेला ‘सायबरनेटिक्स’ही आला. डिझेल इंजिनाची दुरुस्ती करणारा आपल्याकडचा मेकॅनिक ‘गव्हर्नर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात राज्यपाल नसतो. इंजिनावरचा भार वाढला की इंधन वाढवणारा आणि भार उतरला की ते कमी करणारा तो भाग असतो. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा असा गव्हर्नर बसवला होता. कुबरनेटीसचे काम तत्त्वतः तेच आहे. दर पंधरा सेकंदांनी ते भार मोजते. समजा एका कामाच्या चार प्रती चालू आहेत आणि प्रत्येकीवर सरासरी ६० टक्के भार असावा असे ठरवून दिले आहे. प्रत्यक्षात तो ९० टक्के आढळला, तर चार गुणिले नव्वद भागिले साठ, म्हणजे सहा प्रती हव्यात, असा हिशेब होतो आणि आणखी दोन उभ्या राहतात. मस्टर नाही, मुकादम नाही, बोट दाखवणे नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारा भाग त्यापुढे येतो, तो घटवण्याच्या नियमांत. वाढवताना ही प्रणाली घाई करते. घटवताना मात्र मुद्दाम थबकते. भार उतरला असे दिसले तरी सर्वसाधारणपणे पाच मिनिटे वाट पाहून, तेवढ्या काळातली सर्वांत मोठी गरज लक्षात घेऊन, मगच संख्या कमी केली जाते. कारण क्षणिक ओहोटीला खरे मानून खोकी बंद करावीत आणि लगेच पुन्हा उघडावी लागावीत, ह्यात सगळ्यांचेच नुकसान असते. जे खोके बंद करायचे त्याला आधी सूचना दिली जाते, हातातले काम पुरे करायला तीस सेकंदांची मुदत मिळते, आणि त्यानंतरच ते सक्तीने बंद होते. सूचना न देता बंद केलेली प्रणाली अर्धवट व्यवहार मागे सोडते, हे अभियंत्यांना अनुभवाने कळलेले आहे.

ह्याहून महत्त्वाचा भेद आहे तो स्मृतीचा. कंटेनरांचे दोन वर्ग मानले जातात. ज्याला स्वतःचे काही लक्षात ठेवायचे नसते तो ‘स्टेटलेस’. त्याला नाव म्हणून यदृच्छेने निवडलेली अक्षरे चिकटवलेली असतात. कोणतेही एक बंद केले तरी चालते. ज्याच्यापाशी विदा आहे, पूर्वीच्या व्यवहारांची आठवण आहे, तो ‘स्टेटफुल’. त्याला क्रमांक असतो, ओळख असते. संख्या घटवताना सर्वांत शेवटी आलेला सर्वांत आधी जातो. तो गेला तरी त्याचा साठा सहसा पुसून टाकत नाहीत. संख्या पुन्हा वाढली की त्याच क्रमांकाचा कंटेनर परत येतो आणि त्याला त्याचाच साठा परत मिळतो.

हे नियम वाचताना १९४७ च्या कायद्याची कलमे आठवल्याशिवाय राहत नाहीत. कामगारकपात करताना शेवटी आलेल्याने आधी जावे, हे त्यातले २५-जी कलम. पुन्हा भरती करताना कमी केलेल्यांना प्राधान्य द्यावे, हे २५-एच. एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, हे २५-एफ. गूगलच्या अभियंत्यांनी भारतीय कामगार कायदा वाचला असेल असे मानण्याचे कारण नाही. दोन्हीकडे एकाच शहाणपणापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचणे झाले : ज्याच्यापाशी स्मृती आहे त्याला कमी करताना क्रम पाळावा लागतो, मुदत द्यावी लागते आणि त्याची जागा राखावी लागते. कायद्याने कायम कामगाराला स्टेटफुल मानले होते. कंत्राटी पद्धतीने तोच माणूस स्टेटलेस ठरवला. सात महिन्यांनी ब्रेक देणे म्हणजे त्याला स्मृती साठू न देणे होय. त्याच्या बोटांना यंत्राचा आवाज कळू लागलेला असतो, कुठला नट आटे सोडतो हे त्याला ठाऊक झालेले असते. पण हिशेबात त्याचे खाते दर वेळी कोरे. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपण कृतघ्न माणसाबद्दल वापरतो. इथे ती एका नियमित, कागदोपत्री निर्दोष पद्धतीचे वर्णन ठरते.

संगणकाच्या जगात ह्या वर्गभेदाला एक लाडके रूपक आहे : सर्व्हरांना पाळीव प्राण्यांसारखे वागवू नका, गुरांसारखे वागवा. पाळीव प्राण्याला नाव असते आणि तो आजारी पडला तर आपण त्याची शुश्रूषा करतो. गुरांना क्रमांक असतो आणि एक गेले तर दुसरे आणतात. हे रूपक अमेरिकेतल्या मोठ्या गुरेपैदाशीतून आले आहे आणि आपल्या मातीत ते उभेच राहत नाही. आपल्याकडे बैलाला नाव असते. सर्जा असतो, राजा असतो. वर्षातून एकदा पोळ्याला किंवा बेंदराला त्याची शिंगे रंगवून, त्याला पुरणपोळी भरवून त्याची मिरवणूक काढतात. मराठवाड्यातल्या वा विदर्भातल्या ज्या कुटुंबातला मुलगा चाकणला कंत्राटावर येतो, त्या कुटुंबाच्या गोठ्यात नाव नसलेले जनावर बहुधा नसते. नावावरून हाक मारणे हे आपल्या कृषिसंस्कृतीत जनावराच्याही वाट्याला येते, आणि कारखान्याच्या फाटकावर माणसाला टोकन क्रमांक मिळतो. हा विरोध कोणा कवीने शोधून काढलेला नाही, तो तिथे रोज तीन पाळ्यांत घडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. क्लाउडने थांबण्याचे ओझे नाहीसे केले काय? वरवर तसे भासते. कंपनी फक्त वापरलेल्या तासांचे पैसे देते. परंतु वापरात नसलेला सर्व्हर हवेत विरून जात नाही. तो पुरवठादाराच्या इमारतीत उभाच असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपल्या क्लाउडसेवेचे एक केंद्र पुण्यात सुरू केले. अ‍ॅमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६ चे. तिथे यंत्रे रात्रंदिवस वाट पाहत उभी आहेत. हे परवडते ते एका गृहीतकावर : सगळ्या गिऱ्हाइकांची भरती एकाच वेळी येत नाही. एकाची चढती वेळ असते तेव्हा दुसऱ्याची उतरती. हे गृहीतक मार्च २०२० मध्ये डळमळले. सगळे जग एकाच आठवड्यात घरून काम करू लागले आणि काही प्रदेशांत क्षमता अपुरी पडून मायक्रोसॉफ्टला नव्या मागणीवर तात्पुरत्या मर्यादा घालाव्या लागल्या.

कंत्राटी श्रमाचा साठाही अशाच गृहीतकावर चालतो. फरक एवढाच की तिथे साठा बाळगणारा पुरवठादार दिसत नाही. ब्रेक मिळालेला मुलगा ते महिने कुठे काढतो? गावी. त्याला तेव्हा जी भाकरी मिळते ती कोरडवाहू शेतीतून, आईच्या रोजगारातून, बहिणीच्या लांबवलेल्या लग्नातून येते. म्हणजे चाकणच्या उद्योगाचे राखीव सर्व्हर लातूर, नांदेड, बुलढाण्याच्या खेड्यांत उभे असतात आणि त्यांचे वीजबिल ती खेडी भरतात. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली तेव्हा इथेही सगळ्यांची ओहोटी एकाच वेळी आली. रस्त्यांनी चालत निघालेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली. अर्थव्यवस्थेने त्यांना कमी केले होते, आणि तीस सेकंदांची मुदतसुद्धा दिलेली नव्हती.

यंत्राच्या लवचिकतेतही एक माणूस थांबलेला असतो, त्याचीही नोंद करून ठेवली पाहिजे. दसऱ्याच्या रात्री प्रणाली आपोआप वाढते खरी, पण ती वाढली नाही तर? म्हणून कोणीतरी ‘ऑन-कॉल’ असतो : फोन उशाशी ठेवून निजलेला हिंजवडीचा अभियंता. त्याचा पगार आणि चाकणच्या मुलाचा पगार ह्यांची तुलना करणे अप्रस्तुत ठरेल. तरीही मागणीची अनिश्चितता शेवटी एखाद्या जिवंत माणसाच्या झोपेपाशी येऊन थांबते, एवढे साम्य दोघांत आहे.

मराठी साहित्याने गिरणी कामगाराला नाव दिले. नारायण सुर्वे स्वतः गिरणीतून आलेले. अण्णाभाऊ साठे त्याच वस्त्यांतले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने गिरणी बंद झाल्यानंतरचे घर रंगभूमीवर आणले. जानेवारी २०१६ मध्ये ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडमध्येच भरले. पण सात महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या माणसाची कादंबरी आपल्या अभ्यासक्रमात अजून दिसत नाही. ह्याचे एक कारण बहुधा त्याच्या जगण्याच्या घडणीतच आहे. कादंबरीला सातत्य लागते. गिरणी कामगाराला चाळ होती, शेजार होता, संप होता, तीस वर्षांची एकच गिरणी होती. ज्याचे आयुष्य सात-सात महिन्यांच्या तुकड्यांत कापलेले आहे त्याच्या कथनाचे रूप वेगळे असावे लागेल. ते शोधण्याचे काम लेखकांचे. पण त्यासाठी कान तयार करण्याचे काम शिक्षकांनाही करता येईल. आपल्या वर्गात असे विद्यार्थी असतात, की जे पहिल्या पाळीहून थेट महाविद्यालयात येतात किंवा ज्यांचा भाऊ चाकणला आहे. त्यांना ‘कमी केलं’ ह्या वाक्याचा कर्ता शोधायला सांगावा. व्याकरणाचा हा स्वाध्याय सोपा नाही.

कुबरनेटीस बंद केलेल्या प्रत्येक कंटेनराची घटना नोंदवते : किती वाजता, कोणत्या यंत्रावरून, कोणत्या कारणाने. ह्या नोंदी सर्वसाधारणपणे तासाभराने पुसल्या जातात. ज्यांना त्या हव्या असतात ते त्या वेगळ्या जपून ठेवतात. साहित्याचे काम ह्या दुसऱ्या वाक्यात आहे, असे मला वाटते.